आठाचे अठरा

मध्यंतरी एके दुपारी जेवण करून जरा आडवा झालो होतो, तर दारात मोटारसायकल थांबली. माझा एक जुना विद्यार्थी. सातवीला माझ्या वर्गात होता. गणितात बेताचाच, पण शाळेच्या बागेत वाफे करायचे झाले की दोरी लावून अशी सरळ रेघ मारायचा की बघत राहावं. आता कबनूर-इचलकरंजी भागात घरं बांधतो, मागाच्या शेडा उभारतो. हातात प्लास्टिकची फाईल.

"सर, मिलिटरीत नाव घालायचं हाय."

"अरे, पंचेचाळिशी उलटली की तुझी!"

हसला. भरती व्हायचं नव्हतं, ठेकेदार म्हणून नाव नोंदवायचं होतं.

लष्कराची बांधकामं करणारं एक स्वतंत्र खातं आहे, मिलिटरी इंजिनियर सर्व्हिसेस, म्हणजे एम.ई.एस. २६ सप्टेंबर १९२३ ला ते स्थापन झालं. जवानांच्या बराकी, धावपट्ट्या, गोद्या आणि लष्करी दवाखाने, सगळं त्यांच्याकडे. भिंत मात्र खातं स्वतः बांधत नाही, टेंडर काढून ठेकेदाराकडून बांधून घेतं. आणि टेंडर भरायचं तर आधी यादीत नाव हवं. ठेकेदारांचे वर्ग असतात, वरच्या वर्गाला मोठं काम, खालच्याला लहान. त्यासाठी बँकेचा ऐपतीचा दाखला, पॅन, जी.एस.टी., पोलीस पडताळणी, स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, पूर्वी केलेल्या कामांची यादी... खात्यात तुमचे कोणी जवळचे नातलग नोकरीला आहेत का, हेही लिहून द्यायचं. (हा रकाना लग्नाच्या बायोडाटात असता तर बरीच भांडणं वाचली असती, असं आमच्या सौ.चं मत!) आता टेंडरही संगणकावरच भरायचं, सही डिजिटल.

बाकी सगळं त्यानं जमवलं होतं. अडलं होतं ते कामाच्या दाखल्यापाशी. चार वर्षांपूर्वी एका शाळेच्या दोन खोल्या त्यानं बांधल्या. बांधकाम समितीवर मी होतो. खर्च आठ लाख. त्यानं दाखल्याचा मजकूर इंग्रजीत टाइप करूनच आणला होता. आमचं बी.ए. मराठी माध्यमातलं, त्यामुळे असले कागद मी सावकाश वाचतो. त्याचा फायदा झाला. आकडा अठरा लाखांचा होता.

"सर, आठाच्या अलीकडं एक तेवढा घातलाय. वरच्या वर्गात बसतंय मग. दवाखान्याची कामं निघत्यात, मोठी असत्यात."

प्रगतिपुस्तकात आठाचे अठरा करणारी पोरं मी चाळीस वर्षांत पुष्कळ पाहिली. पण त्या वेळी मी मास्तर होतो. आता तो माझ्याच अंगणात, माझ्याच सहीसाठी उभा होता. आणि खरं सांगायचं तर तो वाईट मुलगा नाही. त्या खोल्यांचा स्लॅब चार पावसाळे झाले, थेंब गळलेला नाही. सिमेंटच्या पोत्यांचा हिशेब त्यानं वहीत लिहून ठेवला होता. दाखला खोटा ठरला असता तो आकड्यापुरता, कामापुरता नाही. मनात आलंही, की ज्यांची कामं वर्षात गळतात त्यांच्याकडे मोठमोठे दाखले असतात, मग यालाच का अडवायचं?

"शाळेनं पैसे चेकनं दिलेत, टी.डी.एस. कापलाय," मी म्हटलं. "ते कागद मागितले की कळेल."

"कोण बघायला येतंय सर एवढं?"

हे मात्र मला लागलं. सही उद्या करतो म्हणून त्याला पाठवलं, आणि रात्रभर झोप आली नाही.

आठवण येत होती दाजींची. आमचे थोरले दाजी शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीचे. त्या गावात घराघरांतून पोरं फौजेत जातात, नाव उगाच पडलेलं नाही. दाजी मराठा लाइट इन्फंट्रीत होते, १९७१ च्या लढाईत पाय जायबंदी झाला. कितीतरी महिने लष्करी दवाखान्यात पडून होते. लढाईचं ते कधी फारसं बोलले नाहीत. दवाखान्याचं मात्र एक वाक्य नेहमीचं, "मास्तर, पडून राहणाऱ्याला छतच दिसतंय. कुठं पोपडा आलाय, कुठं ओल आलीय, मला सगळं पाठ झालं होतं." अजूनही औषधाला माजी सैनिकांच्या योजनेत कोल्हापूरच्या पॉलिक्लिनिकमध्ये जातात. ती योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. तिथं गेले की आधी वर बघतात.

आम्ही पोरांना फ्लॉरेन्स नाइटिंगेल शिकवायचो. दिवा घेऊन फिरणारी बाई. धड्यात गटारं नसायची. स्कुटारीच्या (आजच्या इस्तंबूलमधल्या) त्या लष्करी दवाखान्याखाली सांडपाण्याचे मार्ग तुंबलेले होते, वारा खेळत नव्हता. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथं मृत्यूचं प्रमाण ४२ टक्क्यांवर गेलं होतं. मार्चमध्ये सरकारनं पाठवलेलं स्वच्छतेचं पथक आलं, त्यांनी गटारं उपसली, हवेची सोय केली, आणि जूनपर्यंत ते २ टक्क्यांवर आलं. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेचीही पुढं चौकशी झाली. १८६३ च्या अहवालात वर्षाला हजारी ६९ मृत्यू निघाले, आणि त्यातले बहुतेक गोळीनं नव्हे, रोगानं. वाईट पाणी, सांडपाणी, कोंदट बराकी. म्हणजे परिचारिकेइतकाच गवंडी आणि गटार काढणारा महत्त्वाचा, पण त्यांच्यावर धडा कोण लिहिणार?

आणि हे काही जुनंपुराणं नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली. दहा बाळं गेली. वायरिंग, आग विझवायची साधनं, बाहेर पडायची वाट, हे सगळं कुणीतरी कागदावर 'पूर्ण' म्हणून लिहायचं असतं. एक्स-रेच्या खोलीची भिंत नऊ इंची पक्क्या विटांची हवी, दाराला शिशाचा पत्रा हवा. शस्त्रक्रियेच्या खोलीत भिंत आणि फरशी जिथं मिळते तिथं कोपरा नको, गोलाई हवी, म्हणजे घाण साचत नाही. प्राणवायूची नळी तांब्याची, सांधा न् सांधा तपासलेला. हे काम येतं की नाही, हे विचारायची खात्याकडे सुरुवातीची वाट एकच, आधी काय केलंस ते दाखव. त्या वाटेवरच मी एक आकडा पुढं सरकवायचा?

सकाळी मी माझ्या हातानं दाखला लिहिला. मराठीतच. खर्च आठ लाख, अक्षरी आणि अंकी. खाली दोन ओळी जादा, चार पावसाळ्यांत स्लॅब गळलेला नाही, सिमेंटचा हिशेब काटेकोर ठेवला. या दोन ओळींना त्या कचेरीत काही किंमत नसणार हे मलाही ठाऊक होतं, तरी लिहिल्या.

त्यानं उभ्याउभ्याच वाचलं. "खालच्याच वर्गात जाईल सर हे. रंगसफेदी न् गटारं."

"गटारंच कर आधी," मी म्हणालो. बोललो खरा, पण ते त्याला टोचलं असावं. चहा न घेताच गेला. सौ. म्हणाली, एवढं ताणायची गरज नव्हती. तिचंही चूक नाही. त्याच्या मुलीचं इंजिनियरिंगचं दुसरं वर्ष आहे, फी भरायची आहे, आणि मागवाल्यांची नवी बांधकामं हल्ली कमी झालीत. पंधरा दिवस तो फिरकला नाही. येता-जाता शाळेवरून गेलो की त्या दोन खोल्यांकडे बघायचं मी टाळत होतो.

मग एका रविवारी संध्याकाळी आला. अर्ज खालच्या वर्गासाठीच भरला, म्हणाला. पडताळणी चालू आहे. हातात लष्करी बांधकामाच्या सर्वसाधारण करारशर्तींची जाडजूड प्रत, आय.ए.एफ.डब्ल्यू. २२४९. सगळी इंग्रजीत.

"सर, तुमी वाचा, मी लिवून घेतो. नाव लागल्यावर सही करायच्या आधी ठाऊक पाहिजे."

तेव्हापासून रविवारी बसतो आम्ही, मी डिक्शनरी घेऊन, तो दोनशे पानी वही घेऊन. काही कलमं त्याला माझ्याआधी समजतात. परवा वाचता वाचता वीज गेली, गल्लीतले माग एकदम थांबले. मला वाटलं आता उठेल. त्यानं मोबाईलची बॅटरी पानावर धरली आणि म्हणाला, "काम पाडून परत करायला लावत्यात म्हणताय, ते कुणाच्या खर्चानं सर? परत एकदा वाचा."