चौक्याची गाडी आणि गळका पाइप



मागच्या मार्गशीर्षात आमची चौक्याची गाडी दौलताबादला अडली होती. ती हकिगत सांगायचं बरेच दिवस मनात होतं. टाळत होते, कारण चूक माझीच निघाली.

गाडी म्हणजे भाऊजींनी जुन्या मिनीबसचं केलेलं स्वयंपाकघर. सरकारनं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "लोक आत्ता सुरू करणार, आपलं आधीपासून चालू आहे." आत ओटा, स्टीलचं छोटं सिंक, खाली प्लॅस्टिकचा पाइप आणि सांडपाण्याची टाकी. संघाचा विहार असला की आम्ही दोघी जावा, सासूबाई आणि ड्रायव्हरदादा पुढच्या मुक्कामी जाऊन चौका लावतो.

संघ कचनेरहून वेरूळकडे निघाला होता. मधला मुक्काम दौलताबाद. आम्ही दुपारी दोनलाच पोहोचलो. किल्ल्याच्या रस्त्यावर अंजीर, पेरू मांडून बायका बसलेल्या. (इथले अंजीर नावाजलेले, पण आपल्यासाठी पंच उदुंबरांतले. बघायचे आणि पुढं जायचं.) गाडी उभी केली, पिठाचा डबा काढायला ओट्याखालचं दार उघडलं, तर खालची फळी ओली. डब्याची कड ओली. कोपऱ्यात मुंग्यांची रांग.

सकाळीच दळलेलं पीठ. हिवाळ्यात सात दिवसांची मर्यादा असते, पण ओल लागल्यावर मर्यादा कसली. ते बाजूला काढलं. उद्या सकाळी आहार, आणि चौक्यात ओल, वास, मुंग्या. फळीच्या मागं पांढरी बुरशीही दिसली. म्हणजे गळती आजची नव्हतीच. बुरशी अनंतकाय, हे आपण पाठशाळेत घोकलेलं. मला रडूच आलं. आणि रडू आलं की मी रागावते. ड्रायव्हरदादांना म्हटलं, "खड्ड्यांतून गाडी जरा हळू हाकली असती तर?" ते बिचारे गप्प राहिले.

सासूबाई म्हणाल्या, "सूर्यास्ताला अजून साडेतीन तास आहेत. दिवा लावून करायचं काम नव्हे, किडे येतील. आत्ताच काय ते करा."

पहिलं काम मुंग्यांचं. फवारा मारायचा प्रश्नच नव्हता. जाऊबाईंनी ओल पुसली, डबे हलवले, मऊ कुंच्यानं मुंग्या अलगद पुठ्ठ्यावर घेऊन झाडाच्या सावलीत सोडल्या. यातच पाऊण तास गेला.

मग गळती नेमकी कुठं ते शोधणं. पाणी पाइपावरून ओघळत खाली येतं, त्यामुळे थेंब पडतो तिथंच भोक असेल असं नाही. मी सगळा पाइप कोरडा पुसला, प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळली आणि सिंकमध्ये तांब्याभर पाणी सोडलं. वरच्या नटाची पट्टी कोरडी. टाकीकडे वळणाऱ्या एल्बोची पट्टी क्षणात भिजली. दादांनी वरून एम-सील लावू म्हटलं. पण ते ठिगळ. ओल्या, हलत्या जोडावर किती टिकणार?

जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात तो तुकडा कापून घेऊन गेलो. दुकानदारकाकांनी एल्बो बोटांत फिरवला. पाइप जिथं आत जातो तिथलं तोंड किंचित वाकडं झालेलं. त्यांनी विचारलं, "ताई, यात उकळतं पाणी ओतता का?"

मी काही बोलले नाही. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, त्याही बोलल्या नाहीत.

ओतत होते. रोज. उकळलेल्या पाण्याला चोवीस तासांची मर्यादा, ती संपायच्या आत उरलेलं काढायचं. मुक्काम हलवायच्या घाईत मी पातेलंभर गरम पाणी आणि भाताची पेज तशीच सिंकमध्ये रिकामी करायचे. साधा पीव्हीसी साठेक अंशांच्या पुढं मऊ पडू लागतो. हे तर शंभर अंशांचं पाणी. जोड सैल झाला, मग धक्क्यांनी उरलेलं केलं. सासूबाई पहिल्या वर्षापासून सांगत होत्या, गरम पाणी मोरीत ओतू नये. मला वाटायचं जुनी पद्धत. सिंकखालच्या वाकड्या भागात पाणी साचून राहतं, त्यात काय काय असतं, त्यावर मी रोज उकळतं पाणी ओतत होते. पाइपाचं दुःख त्यापुढं काहीच नाही.

दुरुस्ती सोपी निघाली. पाइप सरळ काटकोनात कापला, कडेची कुसळं काढली, तोंड पॉलिश पेपरनं घासून कोरडं केलं. पाइपाला आणि नव्या एल्बोला, दोन्हीकडे सोल्युशन लावून पाव वळसा देत आत दाबलं आणि अर्धा मिनिट हलू दिलं नाही. टाकीजवळ काकांनी कडक पाइपाऐवजी वीतभर रबरी नळी दोन क्लिपांत आवळायला सांगितली, धक्के ती सोसते. पाइप फळीला क्लॅम्पनंही बांधला, लोंबकळला की सगळं वजन जोडावर येतं. टेफ्लॉन टेप घेऊ का विचारलं, तर ते म्हणाले, ती आट्यांच्या जोडाला, इथं काय कामाची? किल्ल्याकडे हात करून म्हणाले, "वरतीसुद्धा पाणी खापरी नळांनीच नेलं होतं. नळ कुठलाही असो, गळतो तो जोडालाच."

पाच वाजून चाळीस मिनिटांनी ओट्याखालचं दार लावलं. रात्रभर सिंकला हात लावायचा नव्हता. भांडी परातीत घासली आणि धुण्याचं पाणी, जिथं गवत नाही, वारूळ नाही अशा कोरड्या जागी पातळ पसरून टाकलं.

झोपण्याआधी दादांची माफी मागितली. ते म्हणाले, "वहिनी, खड्डे पण होतेच की."

पहाटे स्नान करून शुद्ध वस्त्रं नेसून दार उघडलं. फळी कोरडी होती. नवं पीठ जात्यावर दळलं, आहार निर्विघ्न झाला. उरलेलं पाणी पातेल्यात ओट्यावरच ठेवलं, निवायला. निघायला अर्धा तास उशीर झाला. सासूबाई पातेल्यावर ताट झाकून शेजारी माळ घेऊन बसल्या होत्या.