ती गाठ माझीच

आमच्या हॉलला पडदे नाहीत, ब्लाइंड आहे. वाकडच्या या फ्लॅटचं पझेशन मिळालं तेव्हाच मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं होतं, की फुलाफुलांचं पडद्याचं कापड घ्यायला मी कुठल्याही दुकानाची पायरी चढणार नाही. मला ऑफिससारखं ब्लाइंड हवं होतं. ॲल्युमिनियमच्या बारीक पट्ट्यांचं, करडं, एकदम सॉल्लिड. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पुसणार कोण गं त्या पट्ट्या?" मी हसण्यावारी नेलं. (कुणीच पुसत नाही. तुम्हाला म्हणून सांगते.)

आमचा हॉल पश्चिमेचा. एप्रिल-मेमध्ये चारनंतर ऊन थेट लॅपटॉपच्या स्क्रीनवर येतं. त्यात आठवड्यातले दोन दिवस घरून काम, म्हणजे ब्लाइंड दिवसातून दहा वेळा वर-खाली. सहा वर्षं त्याने बिचाऱ्याने निमूट काढली आणि या उन्हाळ्यात ते तिरकं व्हायला लागलं. दोरी ओढली की उजवी बाजू वर, डावी मात्र खाली लोंबतेय. झूम कॉलवर माझ्या मागे ते वाकडं ध्यान. एकदा तर बॉसने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

जिथून घेतलं त्या दुकानात फोन केला. "मॅडम, रिपेरिंगला माणूस नाही मिळत हो आता. नवीनच टाका." नवरा म्हणाला, वीकेण्डला बघू. आता हा वीकेण्ड कुठला, हे कुठल्याही बायकोने विचारू नये.

मग मी माझं डोकं चालवलं. ब्लाइंडच्या तीन दोऱ्या वरून एकत्र खाली येतात. त्या हाताने समान ताणल्या, ब्लाइंड सरळ झालं, आणि तिन्हींची मिळून घट्ट गाठ मारली. खाली टोकं लोंबून पायात यायची, म्हणून ती दुमडून पुन्हा वर बांधली. पिशवीच्या बंदासारखा मस्तपैकी फास तयार झाला. तेव्हा मी त्याला फास म्हटलं नव्हतं, 'हँडल' म्हटलं होतं. जाम खूश होते मी स्वतःवर.

त्यानंतरचा शनिवार. सकाळचे साडेनऊ. मी ओट्याशी पोह्यांना फोडणी देत होते, नवरा आंघोळीला गेला होता. हॉलमधून लेकीची हाक आली, "आई, बघ, माळ!"

ती अडीच वर्षांची आहे. खिडकीखालच्या दिवाणाच्या कडेवर उभी होती आणि ते माझं हँडल तिच्या गळ्यात होतं. मला बघून ती खुदकन हसली. आणि तिने गुडघे वाकवले. दिवाणावरून उडी मारून माझ्या अंगावर यायचं, हा तिचा रोजचा खेळ.

ओट्यापासून दिवाणापर्यंत किती पावलं असतील? सात-आठ. ती मी कशी टाकली, मला आठवत नाही. तिला कमरेला धरून वर उचललं, दुसऱ्या हाताने दोरी डोक्यावरून काढली, आणि तशीच तिला घेऊन खाली फरशीवर बसले. तिला वाटलं, हा नवीन खेळ आहे. पोहे करपले. नवरा टॉवेलवरच बाहेर आला, "काय झालं?" मी म्हटलं, "दोरीत अडकली होती." एवढंच. गाठीचं बोलले नाही.

तिला दुपारी झोपवल्यावर मी वाचत बसले. ब्लाइंड जितकं वर चढतं, तेवढी दोरी खाली येते, ही साधी गोष्ट सहा वर्षांत माझ्या डोक्यात आली नव्हती. सकाळी उजेडासाठी ते पूर्ण वर, आणि म्हणून दोरी थेट दिवाणाशी. अमेरिकेतला ग्राहक-सुरक्षा आयोग सांगतो, की अशा दोरीत मुलाचा जीव एका मिनिटाच्या आत जाऊ शकतो, तोही आवाज न होता. हे 'आवाज न होता' मी तीनदा वाचलं. माझी लेक 'माळ' म्हणून ओरडली, म्हणून मला कळलं. तिकडे डिसेंबर २०१८ पासून तयार ब्लाइंड्सच्या मानकातून लोंबत्या लांब दोऱ्या काढून टाकल्या. आमच्याकडे मात्र आधीच लांब असलेल्या दोरीला मी वर फास मारून ठेवला होता.

नवऱ्याला लेकीजवळ बसवलं, गाडी काढली आणि बोहरी आळी गाठली. शनिवारी संध्याकाळी बोहरी आळीत पार्किंग शोधणं हा वेगळ्या लेखाचा विषय. पण तिथे मिळत नाही असं काही नाही. जुन्या दोरीचा तुकडा दाखवला, तेवढ्याच जाडीची नायलॉनची विणलेली दोरी बारा मीटर घेतली, टोकाला लावायचे तीन गोंडे, आणि दोरी गुंडाळायची भिंतीवरची खुंटी. सगळं मिळून दोनशेच्या आत.

रविवारी ब्लाइंड उतरवलं. वरच्या चॅनलच्या दोन टोकांच्या क्लिपा उघडल्या की ते अख्खं हातात येतं. फरशीवर जुनी चादर टाकून त्यावर पसरलं. आणि मग कळलं, की आत काहीही अवघड नाही. पट्ट्या दोऱ्यांच्या शिड्यांवर नुसत्या टेकलेल्या असतात. तीन दोऱ्या पट्ट्यांच्या भोकांतून खालच्या जाड पट्टीपर्यंत जातात, आणि तिथे प्लास्टिकच्या बुचाखाली त्यांच्या गाठी असतात. वर त्या चॅनलमधून एका कोपऱ्यातल्या लॉकमध्ये येतात. लॉक म्हणजे खाचा असलेला छोटा रूळ, तो दोरी चिमटीत धरतो. आमच्या रुळात धूळ आणि फोडणीचं तेल यांचा लगदा बसला होता, आणि डावी दोरी नेमकी तिथेच झिजून केसाळ झाली होती. म्हणून ती निसटत होती. माझ्या गाठीने त्यातलं काहीच दुरुस्त झालं नव्हतं.

जुन्या टूथब्रशने रूळ घासला. मग युक्ती अशी, की जुनी दोरी आधी ओढून काढायची नाही. खालची गाठ कापायची, तिच्या टोकाला नवी दोरी सुई-दोऱ्याने शिवून घ्यायची, आणि वरून जुनी ओढायची. नवी आपोआप तिच्या वाटेने, शिडीच्या काड्यांना एकदा इकडून, एकदा तिकडून वळसे घालत वर जाते. दोन दोऱ्या गेल्या. तिसरीचा टाका मधेच तुटला. च्यायला! उरलेल्या पट्ट्या एकेक करून हाताने ओवल्या, आणि त्यात माझा एक तास गेला. खालच्या पट्टीवर नवऱ्याने मोबाइलचं लेव्हल ॲप ठेवलं आणि मी तीन गाठी मारल्या. एक सोडून पुन्हा मारावी लागली. टोकं मेणबत्तीवर जरा वितळवली, म्हणजे उसवत नाहीत.

या वेळी दोऱ्या एकत्र बांधल्या नाहीत. प्रत्येकीला वेगळा गोंडा. ब्लाइंड पूर्ण खाली सोडून, लॉकच्या खाली इंच-दीड इंचावर प्रत्येक दोरीला एकेक अडणी गाठ, म्हणजे पट्ट्यांमधून जाणारी आतली दोरी कुणी ओढून तिचा लूप करू शकत नाही. उरलेली लांबी कापून टाकली. खुंटी साडेपाच फुटांवर ठोकली आणि वर केलं की दोरी तिच्यावर गुंडाळायची, हा घरातला नियम केला. दिवाण सरकवून समोरच्या भिंतीला लावला.

रात्री लेक झोपल्यावर मी नवऱ्याला सांगितलं. "तो फास मी केला होता."

तो ब्लाइंडच्या पट्ट्या दांडीने उघडत-मिटत बसला होता, उगाचच. म्हणाला, "माहितीये. मी पंधरा दिवस रोज सकाळी त्याच फासाला धरून ब्लाइंड वर करत होतो. मला तरी कुठे दिसला?"

मग आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

दिवाण आता दारातच येतो. सासूबाईंनी परवा व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि विचारलं, "अगं, तो तिथे का ठेवलायस? चांगला खिडकीखाली होता की." मी त्यांना सगळं सांगितलं, गाठीसकट. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तो तिथेच राहू दे. मी आले की पट्ट्या पुसून देते."

लेक मात्र अजून रोज सकाळी खुंटीखाली जाऊन उभी राहते, टाचा उंच करते, हात वर करते. "आई, माझी माळ वर गेली," म्हणते.