हाताच्या मापाचं पिस्तूल

"आप्पा, पिस्तुलाला दहा हजार कमी पडतायत," हे वाक्य लेडीज हॉस्टेलच्या जिन्यात रात्री साडेनऊला मोठ्यानं बोलू नये. आमच्याकडे मोबाइलची रेंज फक्त दुसऱ्या मजल्यावरच्या जिन्यातल्या खिडकीपाशी येते, त्यामुळे सगळ्यांचे फोन सगळ्यांना ऐकू येतात. कोणाला स्थळ आलंय, कोणाची एम-थ्री राहिलीय, सगळं. त्या रात्री मात्र जिना एकदम चिडीचूप झाला आणि सकाळी नाश्त्याच्या आधीच मला रेक्टर मॅडमचं बोलावणं आलं.

मॅडम फिजिक्सच्या. मी घाईघाईनं सांगितलं की मॅडम, एअर पिस्तूल आहे, खेळाचं आहे, दहा मीटरवर कागदाच्या टार्गेटवर मारायचं. त्यांनी शांतपणे विचारलं, "छर्रा किती ग्रॅमचा? वेग किती?" मी म्हटलं, साधारण अर्धा ग्रॅम, सेकंदाला दीडशे मीटर. त्यांनी गेट-पासच्या पाठीमागे हाफ एम व्ही स्क्वेअर मांडलं. साडेपाच जूलच्या थोडं वर. मग ".२२ चं किती येतं?" म्हणून तेही करायला लावलं. गोळी २.६ ग्रॅम, वेग सुमारे ३३०, म्हणजे १४० जूलच्या आसपास. वायवा संपली. निकाल असा लागला: खेळायला हरकत नाही, कागदपत्रं दाखवायची, आणि वस्तू हॉस्टेलमध्ये एक रात्रसुद्धा येणार नाही.

आता मुळात ही अवदसा कुठून आठवली ते सांगते. मी कोल्हापूरची. (फर्स्ट इयरला "मी जेवून येतो" म्हटलं की रूममेट्स हसायच्या. आमच्याकडे मुली असंच बोलतात, त्याला कोणी हसत नाही.) कोल्हापुरात कुस्ती आणि फुटबॉलच्या जोडीला नेमबाजीही घरोघरी माहीत असते. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडमध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. त्यामुळे मी २०२२ मध्ये इथे आल्यावर कॉलेजजवळच्या रेंजवर नाव घातलं तेव्हा घरी कोणाला धक्का बसला नाही. आई एवढंच म्हणाली, "सबमिशन बुडवू नको."

रेंजवरच्या सरांनी मात्र माझा पहिल्याच दिवशी हिरमोड केला. माझ्या डोक्यात होतं ते सिनेमातलं पिस्तूल, धाडकन आवाज येणारं. मी विचारलं, "सर, .२२ कधी द्याल?" ते म्हणाले, "आधी पाण्याची बाटली धर." एक लिटरची भरलेली बाटली, हात सरळ, एक मिनिट. चाळिसाव्या सेकंदाला माझा हात विजेच्या तारेसारखा थरथरायला लागला. पुढे कितीतरी दिवस मी रूमवर इस्त्री हातात धरून भिंतीकडे बघत उभी असायची. रूमपार्टनरनं तिच्या आईला फोनवर सांगितलं होतं की ही मुलगी अभ्यासात हुशार आहे पण जरा वेगळी आहे.

.२२ चा नाद कसा सुटला तेही सांगते, कारण दरवर्षी नवीन येणारी मुलं हाच प्रश्न विचारतात. एक तर त्याला परवाना लागतो. ४.५ मिलिमीटर नळीच्या आणि २० जूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे लागत नाही. दुसरं म्हणजे गोळ्यांचा खर्च. आणि तिसरं, खरं कारण म्हणजे, मोठा आवाज आणि झटका यांची भीती हातात एकदा बसली की ती निघायला वर्ष जातं. ट्रिगर दाबायच्या आधीच हात दचकायला लागतो. एअर पिस्तुलात ते होत नाही, त्यामुळे चूक कोणाची ते लगेच कळतं. आपलीच असते.

किती बारीक चूक? दहाच्या रिंगणाचा व्यास ११.५ मिलिमीटर. छर्रा ४.५ चा, आणि तो कडेला नुसता शिवला तरी दहा मिळतात, म्हणजे छऱ्याचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये साधारण ३३ सेंटिमीटर अंतर. समान त्रिकोण मांडा: पुढची साईट मागच्या खाचेत पाव मिलिमीटरनं सरकली तरी दहा मीटरवर छर्रा साडेसात मिलिमीटर सरकतो. उलट अख्खा हातच पाव मिलिमीटर वर गेला तर छर्राही तेवढाच वर जातो, काही बिघडत नाही. सर हेच रोज ओरडून सांगायचे, "हात हलू दे, साईट हलू देऊ नको!" पण मला पटलं ते मेकॅनिक्सच्या वहीच्या शेवटच्या पानावर गणित केल्यावर. इंजिनिअरिंगचा एवढा एक उपयोग झाला.

आठ महिने क्लबचं पिस्तूल वापरलं. त्याची लाकडी मूठ इतक्या हातांच्या घामानं तेलकट झालेली की देवळातल्या लाकडी खांबासारखी चकाकायची. सहाशेपैकी पाचशे आठ, पाचशे बारा, यापुढे गाडी जाईना. एक दिवस सरांनी मला डोळे मिटून पिस्तूल उचलायला लावलं. नेम धरल्यासारखं कर, आता डोळे उघड. उघडले तर पुढची साईट मागच्या खाचेत डावीकडे पार टेकलेली. परत केलं, परत तेच. सर म्हणाले, "मूठ मोठीय तुला. प्रत्येक शॉटला तू मनगट पिळून साईट जुळवतेस आणि ट्रिगर दाबताना ते मनगट परत आपल्या जागी जातं. आता स्वतःचं बघायला हरकत नाही."

मग सुरू झाला शोध. तो सगळा सांगत बसत नाही. किमती ऐकूनच निम्मी यादी गळाली. नवीन परदेशी मॅच पिस्तूल दीड लाखाच्या पुढे. आप्पा शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपमध्ये आहेत. ओतकामासाठी जी लाकडी प्रतिकृती लागते ती बनवतात. त्यांचा पगार मला माहीत होता, त्यामुळे दीड लाखाचं मी घरी सांगितलंच नाही.

एक पर्याय होता रशियन इझ-४६एम. खालचा लांब लिव्हर एकदा ओढला की एका शॉटपुरती हवा दाबली जाते. ना सिलिंडर, ना पंप, आणि ट्रिगर म्हणजे लोणी. कितीतरी जणांनी त्यावर सुरुवात केलीय. पण ते नाकाकडे जड, आणि साठ शॉट म्हणजे साठ वेळा लिव्हर, शिवाय सरावाचे वेगळे. विसाव्या शॉटनंतर माझा दंड बोलायला लागला. दंड मजबूत असलेल्यांनी जरूर बघावं.

दुसरा मोह इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा. एका सीनियरचं होतं, पाच शॉट मारून बघितले, बोटाला स्पर्श झाला की शॉट सुटलेला! पण २०२१ मध्ये टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलाचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर ऐन पात्रता फेरीत बिघडला होता, दुरुस्तीत तिची बरीच मिनिटं गेली आणि ती ५७५ वर बाराव्या नंबरावर राहिली, हे मी टीव्हीवर बघितलेलं. तीच मनू २०२४ मध्ये पॅरिसहून दोन ब्राँझ घेऊन आली, म्हणजे दोष त्या प्रकाराला देण्यात अर्थ नाही. पण तिच्यामागे दुरुस्तीला माणसं होती. माझ्यामागे आप्पा, आणि त्यांना स्प्रिंग आणि स्क्रू कळतात, सर्किट कळत नाही. तेव्हा मेकॅनिकल ट्रिगर, हे ठरलं.

शेवटी मिळालं ते रेंजवरच्याच एका ताईचं. तिला नोकरी लागली होती, तिचं जुनं स्टायर एलपी-१० ती विकणार होती. वजन किलोच्या आत, आत झटका शोषायला सरकणारं छोटं वजन, ट्रिगर नियमाप्रमाणे पाचशे ग्रॅमवर लावलेला. (पाचशे ग्रॅम म्हणजे दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी एका बोटाच्या पेरावर टांगायची, तीही दोन टप्प्यांत.) पंचाहत्तर हजार सांगितले, सत्तरला तुटलं. हवेचे दोन सिलिंडर. सरांनी पिस्तुलाकडे बघायच्या आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख बघितली. २०० बारचे हे सिलिंडर दहा वर्षांपर्यंतच चालतात. स्पर्धेत त्याची जबाबदारी खेळाडूची. एकाची मुदत संपलेली निघाली. तो त्यांनी तिथेच बाजूला ठेवला आणि भाव पाच हजारांनी खाली आणला. मी असते तर चकाकणाऱ्या नळीकडे बघून पैसे मोजून मोकळी झाले असते.

तर पासष्ट. आप्पांची भिशी पंचावन्नची उठली होती. दहा कमी. म्हणून तो जिन्यातला फोन. ते दहा आईनं कुठून आणले हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

पिस्तूल चांगलं होतं, पण ताई सहा फुटाला दोन इंच कमी. मूठ तिच्या मापाची, लार्ज. माझ्या हातात ते म्हणजे थोरल्या बहिणीची चप्पल. ट्रिगरवर बोटाचं पेर यायच्या ऐवजी फक्त टोक पोचायचं. नवीन लहान मूठ बाहेरून मागवायची म्हणजे परत पंधरा-वीस हजार. मी दिवाळीला सगळं पेटीत कुलूपबंद करून, पावती बरोबर घेऊन घरी गेले आणि आप्पांपुढे ठेवलं. त्यांनी सिलिंडर बघितला. दोनशे बार म्हणजे किती, तर गाडीच्या टायरच्या शंभरपट, हे ऐकून तो उचलून लांब कपाटावर ठेवला. मग मूठ स्क्रू काढून वेगळी केली आणि लाकूड नाकाला लावलं.

"अक्रोड हाय," म्हणाले. "हात आण बघू."

चार दिवस आमच्या सोप्यात हेच चाललं. मी हाताला हळद लावून मूठ धरायची, जिथं पिवळा डाग पडेल तिथं लाकूड टोचतंय, तिथं आप्पा कानस मारणार. जिथं डाग पडला नाही तिथं पोकळी, तिथं लाकडाच्या भुशाची आणि अराल्डाइटची लांबी भरणार. अंगठ्याच्या बेचक्यातून लाकूड मागे घेतलं तसं बोट पुढे ट्रिगरवर आलं. तळहात टेकायची खालची फळी त्यांनी सागवानाची नवीनच केली. माझा माझ्या बापावर विश्वास आहे, पण त्यांच्या हातात पटाशी आणि समोर माझे पासष्ट हजार हे बघताना मी दोनदा उठून बाहेर गेले. आई म्हणाली, "आगं, तीस वर्सं हेच करतात ते." मी त्यांना नियम सांगितला होता की अख्खं पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे. त्यांनी पट्टी लावून तळफळीची रुंदी बरोबर पन्नास केली, वर पॉलिशचे दोन हात मारले. शेवटच्या रात्री मी डोळे मिटून पिस्तूल उचललं. उघडले. साईट खाचेच्या बरोबर मधोमध. परत केलं. परत मधोमध. आप्पा काही बोलले नाहीत, फक्त भुसा झाडायला लागले.

परत येताना एस.टी. तीन तास लेट. रेंज बंद, रात्रीचे दहा, हॉस्टेलच्या दारात मी आणि पेटी. रेक्टर मॅडमनी एक अक्षर न बोलता ऑफिसचं कपाट उघडलं, पेटी आत, किल्ली त्यांच्या पर्समध्ये. रजिस्टरमध्ये नोंद अशी आहे: "क्रीडासाहित्य, एक पेटी, सकाळी सातला परत." आजही बघायला मिळेल.

ऑगस्ट २०२४ मध्ये, स्वप्नील कुसाळेचं पॅरिसचं ब्राँझ अगदी ताजं असताना, माझी पहिली मोठी स्पर्धा होती. सरावात ५४० च्या आसपास जात होते. सकाळी साहित्य तपासणी. पाचशे ग्रॅमचं वजन ट्रिगरवर उचललं, पास. सिलिंडरची तारीख, पास. मग ती पेटी. पिस्तूल आत सोडलं आणि तळफळीपाशी अडकलं. आमच्या भाषेत सांगायचं तर क्लिअरन्स फिट पाहिजे होता, झाला होता इंटरफिअरन्स. अधिकाऱ्यांनी व्हर्निअर लावला. ५०.७. "बसवून आणा," म्हणाले, "तुमच्या डिटेलला चाळीस मिनिटं आहेत."

कानस कुठून आणणार? एका मुलाच्या किटमध्ये सँडपेपरचा तुकडा होता. मी हॉलबाहेरच्या पायरीवर बसून आप्पांनी पॉलिश केलेलं सागवान घासायला लागले. रडू येत होतं आणि घासलेला भुसा ओला होऊन चालणार नव्हता. दहा वेळा घासलं, व्हर्निअर मागायला गेले, परत घासलं. एका कडेचं पॉलिश पूर्ण गेलं, कच्चं लाकूड दिसायला लागलं. अकरा मिनिटं उरली असताना पेटीत बसलं.

५३७ झाले. पदक वगैरे काही नाही, पुढच्या फेरीच्या आकड्याला दोन कमी पडले. पहिल्या दहा शॉटला माझी बोटं सँडपेपरनं सोललेली होती, त्या मालिकेत ८३ आहेत, बाकी तुम्ही हिशोब करा.

रात्री जिन्यातून आप्पांना फोन केला. सगळं सांगितलं, पेटीचं शेवटी.

"किती भरलं म्हणालीस?"

"पन्नास पॉइंट सात."

"पॉलिशचं दोन पॉइंट धर. ऱ्हायलं पन्नास पॉइंट पाच." मग पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. खिडकीबाहेर हात काढून बघितला.

"पोरी," ते म्हणाले, "ती पट्टी कामावरची हाय. ओतकामाची."

मला कळायला एक क्षण लागला. ओतीव लोखंड थंड होताना शंभराला एक आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टी मुळातच तेवढी मोठी आखलेली असते. तिच्यावरचे पन्नास म्हणजे खरे साडेपन्नास. तीस वर्षं रोज तीच पट्टी.

"आणू का दिवाळीत? कडंला पॉलिश मारून देतो."

मी म्हटलं, नको, राहू दे तसंच. तिथं बोट चांगलं धरतं.