एका पेटीतली बिऱ्हाडे

आमच्या परभणी जिल्ह्यात वाटणी म्हटली की माणसांचे चेहरे उतरतात. पण सेलूच्या आमच्या धाकट्या काकांना संगणकाच्या जाळ्यांचे भारी वेड. ते म्हणतात, राउटर नावाच्या पेटीचीही वाटणी होते, आणि तिथे ती गोंधळ टळावा म्हणूनच करतात!

राउटरचे काम वाट दाखवण्याचे. कुठल्या पत्त्याकडे कुठून जायचे, याचा तक्ता त्याच्यापाशी असतो. एकाच पेटीत असे निरनिराळे तक्ते मांडले की तिचे अनेक आभासी राउटर होतात. मग एकच पत्ता दोन्हीकडे असला तरी घोटाळा नाही. दोन चुलत घरांत दोन बाळू असावेत तसे. ज्युनिपर कंपनीच्या काही राउटरांत मुख्य भागाखेरीज असे 15 हिस्से पडतात. तारा जोडायची दारेसुद्धा वाटून दिलेली.

मला नवल वाटले ते पुढचेच. शेजारच्या हिश्श्याशी बोलायला आतून आयती वाट नसते. ती मुद्दाम करून द्यावी लागते. नाहीतर एका दारातून तार बाहेर काढून दुसऱ्या दारात घालायची. आमच्या वाड्यात भिंत पडल्यापासून आजी ताकाचा गडू घेऊन थोरल्या काकूकडे जाते ती सगळ्या वाड्याला वळसा घालून. गुडघे दुखतात तिचे. भिंतीत एक दार ठेवा म्हणते, ऐकतो कोण?

पेटी बंद पडली तर मात्र सारे हिस्से एकदम गप्प. आमचे विजेचे मीटरही अजून एकच आहे. बिल आले की बाबा आणि थोरले काका ओट्यावर हिशेबाला बसतात. परवा बाबांनी दुसऱ्या मीटरचा अर्ज आणून ठेवला.