ऐकण्याचं देणं

काटा साठच्या पुढे गेला की गाडीच्या मागच्या अंगाला आवाज सुरू व्हायचा. घूंऽऽ असा, सलग, जाडसर. सत्तरला तो चढायचा, ऐंशीला छातीत जाणवायचा आणि वेग उतरला की मुकाट्याने विरायचा. चौथ्यातून पाचव्यात गिअर टाकला तरी सूर तोच. काचा वर केल्या, रेडिओ लावला, तरी तो खालून येतच राहायचा.

मी कराडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते आणि राहते साताऱ्यात. शेंद्रे, नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज, तासवड्याचा टोलनाका आणि कराड, असा पन्नासेक किलोमीटरचा हमरस्ता माझ्या रोजच्या वाटेचा. शेजारून ऊस भरलेल्या ट्रॉल्या आणि कंटेनर जात असताना आपल्याच गाडीच्या मागच्या चाकाविषयी खात्री नसणं ही वाईट गोष्ट आहे. दोन ठिकाणी गाडी दाखवली. दोन्हीकडे गाडी न चालवता, फक्त माझं वर्णन ऐकून निकाल मिळाला: मागची बेरिंगं गेलीत, दोन्ही बाजूंची बदलून टाका. तो निकाल अगदीच बिनबुडाचा होता असं मी म्हणणार नाही, कारण वेगाबरोबर चढणारा घुमणारा आवाज हे बेरिंगचं पहिलं लक्षण असतंच. पण अमुकच कशावरून, असं विचारलं की उत्तर मिळत नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी तात्यांचं नाव सुचवलं ते त्या आठवड्यात.

तात्या एसटीच्या डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. साताऱ्याच्या एमआयडीसीच्या अलीकडे त्यांची पत्र्याची शेड आहे. पहिली एसटी १ जून १९४८ला पुण्याहून अहमदनगरला निघाली, हे ते घरातल्या माणसाची जन्मतारीख सांगावी तितक्या आपुलकीने सांगतात. मी गाडी शेडमध्ये घेऊ लागले तर त्यांनी हात आडवा केला.

“आत न्हाई आणायची अजून. बाई, तुम्ही चालवा, मी मागं बसतो. आवाज चाकाचाय ना? मग चाक फिरतंय तिथंच त्याला विचारू.”

ते मागच्या सीटवर बसले, आधी उजवीकडे, मग डावीकडे सरकले आणि डोळे मिटून घेतले. हमरस्त्यावर मागेपुढे कुणी नाही असं बघून त्यांनी मला सत्तरवर गाडी न्यायला लावली आणि न्यूट्रल करून नुसती वाहू द्यायला सांगितली. इंजिनाचे फेरे एकदम उतरले, आवाज मात्र तसाच. “इंजिन सुटलं, सायलेन्सर सुटला,” तात्या म्हणाले. पुढे रस्त्याचा नवा डांबर घातलेला पट्टा लागला. तिथे आवाज बसला, मऊ झाला. पट्टा संपून जुनी, खडी वर आलेली सडक सुरू झाली तसा तो पुन्हा खरखरीत होऊन वर आला. ते मला परत फिरवून त्याच पट्ट्यावरून घेऊन गेले. पुन्हा तेच.

“बेरिंगला रस्ता कळत न्हाई, बाई. टायरला कळतो.”

या एका वाक्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी राहीन. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात चलांचं नियंत्रण म्हणून जे आम्ही शिकवतो ते हेच: बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम बघायचा. वेग तोच, गाडी तीच, ओझं तेच. बदलला तो फक्त चाकाखालचा रस्ता. बेरिंग हबच्या आत बंद असतं, त्याच्या गोळ्या पोलादी कड्यांवर फिरतात, त्यांना खाली डांबर आहे की काँक्रीट याच्याशी फारसं देणंघेणं नसतं.

पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. मोकळ्या जागी त्यांनी मला हलकेच डावी-उजवीकडे वळणं घ्यायला लावली. गाडी डावीकडे वळली की भार उजव्या चाकांवर कलतो. उजवं बेरिंग खराब असेल तर त्या क्षणी त्याची कुरकुर वाढते, आणि उजवीकडे वळलं की कमी होते. माझ्या गाडीत दोन्हीकडे काही फरक पडला नाही. मग शेडमध्ये आल्यावर गाडी जॅकवर चढली. चाक वर आणि खाली धरून हलवून पाहिलं, ढिलं नव्हतं. एका हाताने चाक फिरवत त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं मागच्या स्प्रिंगवर टेकवली आणि मग माझा हात तिथे ठेवला. बेरिंग खरखरीत असेल तर ती थरथर स्प्रिंगमधून बोटांत येते. इथे काहीच आलं नाही. शेवटी त्यांनी माझा तळहात टायरच्या नक्षीवरून एका दिशेने फिरवला, मग उलट्या दिशेने. जाताना गुळगुळीत, येताना करवतीचे दाते.

तरीही पुढची-मागची चाकं आपसात बदलून त्यांनी पुन्हा फेरी मारायला लावली. घूं आता माझ्या पायाशी, पुढून येत होता. एवढं झाल्यावरच तात्या म्हणाले, “आता म्हणा टायर.”

मला वाटलं काम संपलं. त्यांच्या दृष्टीने ते अर्धंच झालं होतं. टायर वाजतंय हे कळलं, पण टायर असं खाल्लं का? त्यांनी बॅटरी घेऊन मागचे शॉकअप पाहिले. उजव्याच्या अंगावर तेल ओघळून त्यावर धूळ जमली होती. इंजिन पुढे असलेल्या छोट्या गाडीत मागचा भाग हलका असतो. शॉकअप मेलं की खड्ड्यावरून उडालेलं चाक लगेच शांत बसत नाही, रस्त्यावर टप टप करत राहतं आणि प्रत्येक टप्प्याला रबराचा एक तुकडा घासून जातो. नवं टायर टाकलं असतं तरी त्याने काही महिन्यांत तसंच गायला सुरुवात केली असती. दोन्ही शॉकअप बदलली, मागे दोन टायर नवे घातले. बेरिंगला त्यांनी हात लावला नाही. मजुरी घेतली ती फक्त शॉकअपची. ऐकण्याचे पैसे घेत नसतात, असं म्हणाले आणि विषय बदलला.

माझ्या मनाला सर्वांत जास्त भिडलं ते हे, की पहिल्यापासून शेवटपर्यंत ते प्रत्येक पायरी मला बोलून दाखवत होते. गिऱ्हाइकाला समजावं म्हणून नाही, शिकाऊ पोराला समजावं तसं. मी विचारलं, तेव्हा त्यांनी त्यांच्या वस्तादांची गोष्ट सांगितली. रात्रपाळीला गाड्या डेपोत यायच्या. ड्रायव्हर कागदावर लिहून द्यायचा, ‘मागून आवाज येतो’, बस. बसला मागे जोडचाकं, ताकदही मागच्याच चाकांना, त्यामुळे तिथे बेरिंग आणि टायर यांच्या जोडीला डिफरन्शिअलही संशयात. वस्ताद पोरांना बसमध्ये बसवून डेपोबाहेर न्यायचे. पाय दाबला की आवाज वेगळा आणि पाय उचलला की वेगळा, तर क्राऊन-पिनियन बघा. दोन्ही वेळा सारखाच, तर चाकाकडे चला. कोणी घाईने नाव घेतलं तर त्याला कारण विचारायचे, कारण नसेल तर पुन्हा फेरी. “त्यांचं देणं फिटलं न्हाई माझ्याच्यानं,” तात्या म्हणाले, “म्हणून ऐकणारं माणूस भेटलं की सांगत बसतो.”

त्या वर्षीपासून बारावीला मी ध्वनी आणि वर्तुळाकार गती या गाडीवरून शिकवते. १६५/८० आर १४ या मापाचं टायर घ्या. त्याचा परीघ जवळजवळ १.९५ मीटर. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला साधारण दहा फेरे. बेरिंगमध्ये नऊ गोळ्या आहेत असं धरा. बाहेरच्या कड्यावर ओरखडा असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात त्यावरून सुमारे ३.६ गोळ्या जातात, आतल्या कड्यावर असेल तर सुमारे ५.४. म्हणजे सेकंदाला छत्तीस किंवा चोपन्न ठोके, कानाला जेमतेम लागणारा खर्ज; आणि प्रत्येक ठोक्यासरशी आजूबाजूचं लोखंड आपल्या सुरात वाजतं, ते वेगळंच. आता टायर. नक्षीचे ठोकळे परिघावर साठ-सत्तर असतील तर आवाज सहा-सातशे हर्ट्‌झचा, उंच. पण खाल्लेल्या टायरवर पंधरा-वीस मोठे खोलगट चट्टे असतील तर तोच आवाज दीडशे-दोनशेवर उतरतो आणि बेरिंगच्या जवळ येऊन बसतो. चांगले कान फसतात ते इथे. आकडेमोड झाली की मुलं विचारतात, मग मोबाइलवर वारंवारता मोजली तर तात्यांची गरज काय? मी त्यांना सांगते, मोजा जरूर, पण रस्ता बदलून मोजा.

तात्यांना मी काय दिलं, असं कुणी विचारलं तर एकच गोष्ट सांगता येईल. त्यांच्याकडे एका पत्र्याच्या डब्यात जुनी बेरिंगं आहेत. नंबरावरून ते माप सांगतात: ६२०५ असेल तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणायचं, आतलं भोक पंचवीस मिलिमीटर. त्या डब्यातलं एक बेरिंग ते वेगळ्या फडक्यात ठेवायचे. सातारा फौजी माणसांचा जिल्हा. आपशिंग्याला तर गावाच्या नावातच मिलिटरी आहे. अशाच एका जवानाची बदली झाली आणि त्याची गाडी उत्तरेकडून मालवाहू वाहनावर बांधून आली. आल्या दिवसापासून मागून घुमू लागली. तात्यांनी बेरिंग खोललं तर कड्यावर गोळ्यांच्या अंतराने एकसारखे खळगे. “गाडी तर चाललीच न्हाई, बाई. बांधून ठेवलेली. मग बेरिंग खाल्लं कुणी?” हा प्रश्न त्यांनी कित्येक वर्षं बाळगला होता.

मी वाचत बसले. चाक जोरात आदळलं की गोळी कड्यात रुतते. कठीणपणा मोजण्याची पद्धत काढणाऱ्या स्वीडनच्या ब्रिनेल यांच्या नावाने ती खूण ओळखली जाते. पण त्याच जातीची दिसणारी दुसरी खूण आदळल्याशिवायही पडते. चाक थांबलेलं, गोळी एकाच जागी, आणि खालून सतत बारीक थरथर. गोळी जागच्या जागी केसभर हलते, मधलं ग्रीस बाजूला सरतं, पोलादाला पोलाद घासतं आणि तांबूस भुकटी पडते. अमेरिकेत १९३०च्या दशकात डेट्रॉइटहून रेल्वेने दूरवर पाठवलेल्या कोऱ्या गाड्यांची चाकांची बेरिंगं अशीच, एक मैलही न चालता, खराब होऊन पोचत होती. मी हे सांगितलं तेव्हा तात्या बराच वेळ फडक्यातलं बेरिंग नखाने चाचपत होते. मग म्हणाले, “तांबूस भुकटी होती. मी गंज समजलो होतो.” त्यांनी ते बेरिंग माझ्या हातात दिलं, पोरांना दाखवा म्हणून. मी त्यांनाच वर्गात बोलावलं. ते आले, स्वच्छ धोतर-टोपी घालून, आणि मुलांनी त्यांना तास संपला तरी सोडलं नाही.

पुढे एकदा यवतेश्वरच्या घाटातून कासकडे जाताना गाडी पुन्हा घुमली. या वेळी रस्ता बदलून फरक पडेना, पण प्रत्येक डाव्या वळणावर आवाज फुगायचा आणि उजव्याला बसायचा. मी तात्यांना फोन करून म्हटलं, मागचं उजवं बेरिंग. त्यांनी विचारलं, कशावरून? मी सांगितलं. गाडी नेली, त्यांनी बोटं स्प्रिंगवर टेकवली, माझीही टेकवायला लावली आणि काही न बोलता हब खोलायला घेतला.

अलीकडे त्यांच्याकडे विजेवरच्या गाड्या येऊ लागल्या आहेत. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे टायर आणि बेरिंगचं बारीकसं घुमणंही लोकांना ऐकू येतं, आणि ते घाबरून येतात. परवा तात्यांचा फोन आला. “बाई, या गाडीला गिअर एकच. न्यूट्रल केली तरी मोटर चाकाबरोबर फिरतेच. मग मोटर सुटली असं म्हणायचं कशावरून?” मी म्हटलं, न्यूट्रलमध्ये मोटरवर जोर राहत नाही, दात जोराखाली वेगळे वाजतात आणि मोकळे वेगळे. तेव्हा पाय दाबून, पाय उचलून आणि मोकळी सोडून, तिन्ही वेळा एकाच वेगावर ऐकून बघू. ते म्हणाले, वस्तादांचीच रीत झाली ही, मग रविवारी सकाळी लवकर या, रस्ता मोकळा असतो.