उधारीची वही

आपल्या भाषेत रिकामपणाला एकही चांगला शब्द नाही. रिकामटेकडा, उनाड, टवाळ, उंडगा, ऐतखाऊ! शब्द पुष्कळ आहेत. पण एकातही माया नाही. शिक्षण संपलेले आहे, नोकरी लागलेली नाही आणि लग्नाचे नाव काढायची सोय नाही, अशा वयातल्या मुलाला घरात काय म्हणावे हे आपल्याला कधी सुचलेच नाही. सुचते ते एवढेच, की तो समोरून गेला की पेपर जरा जोराने उलटायचा.

या मुलांकडे मायेने पाहणारी एक गोष्ट मला ठाऊक आहे. सांगितली ती एका मराठी बाईने, पण दिल्लीच्या रस्त्यांवर आणि हिंदीत. सई परांजपे यांचा १९८१ सालचा ‘चश्मे बद्दूर’ हा तो चित्रपट. फराळाची बशी मांडीवर घेऊन घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहावा असा.

त्यात तीन मित्र एका खोलीत राहतात. एकच सिगारेट तिघांत फिरते. सिद्धार्थ (फारूख शेख) तेवढा अर्थशास्त्राच्या पुस्तकांत डोके घालून असतो. ओमी (राकेश बेदी) आणि जोमो (रवी बासवानी) यांचा मुख्य उद्योग म्हणजे मुलींच्या मागे हिंडणे. नेहा नावाची मुलगी दिसते आणि दोघे एकामागून एक तिच्याकडे जाऊन तोंडघशी पडतात. पण खोलीवर परतल्यावर प्रत्येकजण आपल्या विजयाची अशी काही रंगीत कहाणी सांगतो, की ऐकणाऱ्याने हेवाच करावा! पुढे तीच नेहा (दीप्ती नवल) चमको नावाची साबणाची पूड खपवायला दारात येते आणि अभ्यासू सिद्धार्थाची विकेट जाते. तालकटोरा बागेतल्या त्यांच्या भेटी आणि ते टुटीफ्रुटी आइस्क्रीम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी काय सांगतो आहे ते कळेल.

ओमी आणि जोमो थापा का मारतात, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. पगार असलेला माणूस पगाराबद्दल बोलतो, हुद्दा असलेला हुद्द्याबद्दल. ज्याच्याजवळ यातले काहीच नाही, त्याने संध्याकाळी मित्रांपुढे काय मांडावे? तो गोष्ट रचतो. मात्र या गोष्टी फुकट मिळत नाहीत. सिद्धार्थाचे जमते आहे असे दिसताच हेच दोघे त्याच्या मनात विष कालवतात आणि कालची थाप आज एका मुलीच्या अब्रूवर येते. बाईंनी ही कटुता लपवलेली नाही. पण त्या मुलांना वाळीतही टाकलेले नाही. घडी विस्कटली त्याच हातांना ती नीट बसवायची धडपड करायला लावली आहे.

पण माझा खरा जीव जडला आहे तो लल्लन मियांवर. सईद जाफरींनी उभा केलेला हा पानसिगारेटवाला. मुलांकडे त्याची उधारी थकलेली. तो कुरकुरतो, हिशेब काढतो, बोलून घेतो, आणि पुन्हा देतो. या मुलांचे पुढे काहीतरी होईल असा विश्वास त्या नगरीत एकट्या त्याच्याच वहीत लिहिलेला आहे.

माझ्या धाकट्या भावाने पदवी घेतल्यानंतर दोन वर्षे अशीच काढली. वडील त्याच्याशी थेट बोलत नसत. ‘त्याला सांग’ असे आईकरवी निरोप जात. त्या काळात तो रोज जाऊन बसे ते आमच्या गावच्या स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर. तिथले मामा वहीत मांडत, महिन्याकाठी खेकसत आणि कप पुढे सरकवत. २०१३ च्या एप्रिलमध्ये ‘चश्मे बद्दूर’ नव्याने स्वच्छ करून पुन्हा थिएटरांत लागला, तेव्हा आम्ही दोघे पुण्यात तो पाहायला गेलो. भाऊ तोवर नोकरीत मुरला होता. सारा वेळ खदखदून हसला. लल्लन मियां आले की मात्र गप्प व्हायचा.

उधारीची दुसरी बाजूही बाईंना ठाऊक होती. १९८३ सालच्या ‘कथा’त त्यांनी त्याच फारूख शेखला मुंबईच्या चाळीत आणून सोडले. मूळ नाटक शं. गो. साठ्यांचे, ‘ससा आणि कासव’. इथला बाशूही बिनकामाचा, गोड बोलणारा. पण तो साऱ्या चाळीचा विश्वास उचलतो आणि फेडायची वेळ आली की निघून जातो. तोच नट, तेच हसू! फरक एवढाच, की दिल्लीच्या मुलांना आपण देणे लागतो हे माहीत आहे.

शाळामास्तरकी करत असल्यामुळे दिवाळीत जुने विद्यार्थी भेटायला येतात. येतात ते नोकरी लागलेले. पेढ्याचा पुडा घेऊन. न लागलेले मला दुरून पाहून रस्ता ओलांडतात. म्हणून गेली काही वर्षे भाऊबीजेच्या संध्याकाळी मीच स्टँडकडे जातो, त्यांच्या कट्ट्यावर बसतो, चहा मागवतो. ‘सध्या काय करतोस?’ हा एक प्रश्न सोडून जगातल्या कुठल्याही विषयावर आम्ही बोलतो. पहिली दहा मिनिटे ती पोरे अवघडतात. मग त्यांच्या थापा सुरू होतात आणि मी त्या मन लावून ऐकतो.

भावाने पहिल्या पगारातून मामांची सगळी उधारी फेडायला घेतली, तेव्हा मामांनी पाच रुपये परत केले. म्हणाले, “एवढे राहू दे. खाते मिटले की माणूस वाट बदलतो.” दर पाडव्याला नवी वही उघडली की त्यात ते पाच रुपये मागील बाकी म्हणून चढतात. भाऊ दिवाळीला येतो, घरी बॅग टाकतो आणि आधी टपरीवर जाऊन ते पाच रुपये देऊ करतो. मामा ते अजून घेत नाहीत.