‘सांग ना’ आणि ‘सांगू नकोस’

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायची. आमच्या पिढीला मालिकेचा पहिला भाग म्हणजे घरात किंवा शेजारी टीव्ही आला त्या रविवारी जो लागला तो. माझा पहिला भाग मिठाचा. ओसाड ग्रहावरचा एक जीव माणसांच्या अंगातलं मीठ शोषून घेतो, एवढंच मला उमगलं होतं. त्या भागाचं नाव ‘द मॅन ट्रॅप’, आणि ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेतल्या प्रेक्षकांचीही या मालिकेशी पहिली भेट त्याच भागातून झाली, हे कळायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

त्याच कुळातल्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’चा पहिला भाग २०२२ साली आला. तो मी रात्री, दिवाणखान्यात, एकट्याने पाहिला. मोंटानातल्या बर्फात घोड्यावरून फिरणारा दाढीवाला कॅप्टन पाइक, आपल्यावर पुढे ओढवणारा भयंकर अपघात आधीच पाहून बसलेला. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती दिसत होती, आणि संवाद खाली अक्षरांत उमटत होते. एकही वाक्य निसटलं नाही.

तेव्हा निम्मं निसटायचं. १९८४ मध्ये गावोगावी छोटी प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली आणि टीव्ही आमच्यापर्यंत पोहोचला, पण चित्रात मुंग्या असायच्याच. कुणीतरी गच्चीवर अँटेना धरून उभं, कुणी खिडकीतून ओरडणारं, “आलं, आलं... गेलं!” संच कृष्णधवल. पडद्यावर रंगीत प्लॅस्टिकची काच लावलेली, वर निळी, खाली हिरवी. त्यामुळे अंतराळयानावरच्या स्पॉकचं कपाळ निळं आणि हनुवटी हिरवी. यानावरच्या माणसांचे सदरे पिवळे, निळे, लाल होते हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. राकेश शर्मा त्याच वर्षी एप्रिलमध्ये अंतराळात जाऊन आले होते. तेव्हा हे सगळं लवकरच घडणार आहे अशी आमची खात्री होती.

आज ते सदरे जसेच्या तसे रंगीत दिसतात, आणि वस्त्राचा पोतही दिसतो. जुन्या मालिकेत माणसं चमकत विरघळून ग्रहावर प्रकटायची, कारण दर आठवड्याला यान उतरवून दाखवणं खर्चात बसत नव्हतं. नव्या भागात विरघळता विरघळता माणसांचे कपडेही बदलतात. तेव्हा खर्चाच्या अडचणीतून कल्पना सुचायची, आता कल्पनेला खर्चाची अडचण उरलेली नाही. आणि नवं काम खरोखर चांगलं आहे. पाइक एका परग्रहाच्या लोकांना आपल्या पृथ्वीच्या यादवीची आणि विनाशाची चित्रं दाखवतो आणि त्याच वाटेने जाऊ नका म्हणून विनवतो, तेव्हा माझा घसा दाटून आला. जुन्या मालिकेने मला थक्क केलं होतं, नव्या मालिकेने विचारात पाडलं.

जुनं सगळं गोड नव्हतं, हेही लिहायला हवं. ज्यांच्या घरी टीव्ही त्यांना खुर्ची, बाकीच्यांना फरशी. आज पाहुणे यायचेत असं सांगून आम्हाला दारातून परत पाठवल्याचे रविवारही आठवतात. आईने ती मालिका कधी पाहिलीच नाही, तिने ती फक्त ऐकली. रविवारचा स्वयंपाक त्याच वेळी असायचा. पडद्यावरही बाईची जागा बेताचीच होती. मालिकेचा पहिला नमुना-भाग बनला तेव्हा कॅप्टन पाइकच्या खालोखाल हुकूम देणारी अधिकारी एक बाई होती. वाहिनीने तो नमुना नाकारला, दुसरा मागवला, आणि पुढे आलेल्या मालिकेत ना पाइक नायक राहिला, ना ती बाई राहिली.

आज ती परत आली आहे. नव्या मालिकेत पाइक आहे, त्याची ती अधिकारीही आहे, आणि पहिल्या भागात तिचीच सुटका करायला यान निघतं. माझी आई दुपारी निवांत बसून हवी ती मालिका स्वतः लावते, उठावं लागलं तर थांबवते, परत येऊन पुढे पाहते. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी जुना रविवार परत मागणार नाही.

तरी एक गोष्ट गेली, आणि तिचं दुःख मला मनापासून आहे. ती गोष्ट रविवारची नव्हती, सोमवारची होती. मधल्या सुट्टीत शाळेच्या चिंचेखाली टीव्ही नसलेली मुलं वाट पाहत असायची. “सांग ना, काल काय झालं?” मग ज्याने पाहिलं तो सांगायचा. इंग्रजी कळलेलं नसायचं, म्हणून न कळलेल्या जागा आम्ही पदरच्या कल्पनेने भरायचो. मिठाच्या भागानंतर एकाने विचारलं, “सगळ्यांचं मीठ संपलं तर ते काय खाणार?” उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मग पाच-सहा जणांनी मिळून तयार केलं, की ते समुद्र शोधत पृथ्वीवर येईल. चिंचेबरोबर खायला आणलेली मिठाची पुडी मध्ये ठेवून आठवडाभर तोच खेळ चालला. एक जण तो जीव, बाकीचे यानावरचे. पुढे वाचलं की त्या भागासाठी भविष्यातल्या वाटाव्यात अशा मीठदाण्या आणल्या होत्या, पण त्या मीठदाण्या म्हणून ओळखू येईनात, म्हणून त्याच डॉक्टर मॅकॉयची शस्त्रक्रियेची उपकरणं झाल्या. ते वाचताना वाटलं, आपण चिंचेखाली जे करत होतो तेच तेही करत होते.

नव्या मालिकेचा भागही आठवड्याला एकच यायचा. म्हणजे वाट पाहणं काही संपलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी जुन्या मित्राला फोन केला, ‘पहिला भाग पाहिला’ एवढंच म्हटलं, आणि तो घाईने म्हणाला, “सांगू नकोस, मला पाहायचाय.” त्याचं बरोबरच होतं. चिंचेखाली तोच सगळ्यांत पुढे बसायचा. तेव्हा तो ‘सांग ना’ म्हणायचा कारण त्याच्या घरी टीव्ही नव्हता, आज ‘सांगू नकोस’ म्हणतो कारण आहे. त्याच्याकडे तो असावा हेच न्यायाचं. पण त्या न्यायात आमची सांगण्याची जागा गेली. पाहायला कुणाच्या दारात जावं लागत नाही, आणि सांगायलाही कुणाच्या दारात जाता येत नाही.

‘द मॅन ट्रॅप’ मी अलीकडे पुन्हा पाहिला, रंगीत, अक्षरांसह. सुरुवातीलाच तीन पुरुष एकाच बाईकडे पाहतात आणि तिघांना ती तीन रूपांत दिसते. मॅकॉयला ती वर्षांपूर्वीची, तरुण दिसते, कारण त्याचं तिच्यावर प्रेम होतं. ती बाई नसतेच, मीठ शोषणारा तो जीवच प्रत्येकाला हवं ते रूप घेऊन उभा असतो. हे मला लहानपणी कळलंच नव्हतं. आता कळलं तेव्हा मनात आलं, आपले जुने रविवारही आपल्यापुढे असेच उभे राहत असतील. फरशी, परत पाठवणारं दार, स्वयंपाकघरातली आई, हे सगळं झाकून तरुण रूप घेऊन.

शेवटी मॅकॉयलाच त्या जीवावर शस्त्र चालवावं लागतं. ते योग्यच असतं, नाहीतर यानाचा कॅप्टन कर्क मेला असता. पण नंतर कर्क गप्प होतो. त्याला अमेरिकेच्या गवताळ मैदानांवरून नाहीसे होत गेलेले रानरेड्यांचे कळप आठवतात. कारण तो जीव घातक होता, फसवा होता, आणि आपल्या जातीतला शेवटचा होता.

चिंचेखालच्या सोमवारांबद्दल मला वाटतं ते एवढंच.